थांबलेले हुकूम

कागदावर दोनच वाक्यं होती. पहिलं अर्धं खोटं होतं आणि दुसरं आख्खं.

पहिलं होतं, 'ऑपरेटर यशोधरा बनसोडे यांनी निष्काळजीपणे चुकीचे हुकूम दिल्यामुळे यंत्र पुढे सरकले.' आणि त्याखाली दुसरं, 'कर्मचारी सिद्राम लोंढे हे कोणाचाही आदेश नसताना स्वमर्जीने गटारात उतरले होते.' खाली सहीसाठी एक रेघ आखून ठेवलेली. रेघ मात्र अगदी सरळ होती.

"सही कर," देशमाने म्हणाले. हिरजपूर शहराची गटारं ज्या कंपनीकडे होती, तिच्या नियंत्रण कक्षाचे ते प्रमुख. "तीन महिने घरी बस. मग त्याच खुर्चीवर परत आणतो तुला. माझा शब्द."

"आणि मामांचं काय?"

"कोण मामा?"

"सिद्राममामा. ज्यांचा पाय गेला परवा."

"बघू ना त्याचं. कंपनी काय माणुसकी सोडून वागते का?"

यशोधरानं कागदावर बोट ठेवलं. "सर, हे 'स्वमर्जीने' म्हणजे काय हो? गटारात कोण हौसेनं उतरतं? खाली जत्रा भरते का?"

देशमाने हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, तुझे वडील कसे गेले ते मला माहीत आहे. म्हणून सांगतो. यंत्र चुकलं असं एकदा कागदावर आलं, तर नगरपालिका उद्या सगळे खेकडे बंद करील. मग पुन्हा दोर, पुन्हा बादली, पुन्हा तुमच्या आळीतली माणसं. तुला हवंय ते? तू एकटीनं चूक पत्कर, शंभर जण वाचतील."

मधात बुडवून काटा द्यावा, तसं ते बोलणं. गिळलं तरी टोचणार, थुंकलं तरी टोचणार. यशोधरा उठली. "चौकशी समितीपुढे बोलेन," एवढंच म्हणाली आणि निघाली. मागून देशमान्यांनी हाक मारली, "सोमवारी दहाला आहे समिती. तोवर डोकं थंड कर."

डोकं थंड करायला डोक्यात आग लागलेली असावी लागते. तिची आग पोटात होती.

*

हिरजपूर हे रंगाचं गाव. सूत रंगवायचे कारखाने शहराच्या चारी अंगांना. त्यांचं पाणी गटारात येतं, म्हणून इथली गटारं कधी जांभळी वाहतात, कधी हिरवी. अठरा वर्षांपूर्वी यशोधराचे वडील अशाच एका दुपारी भोकात उतरले. वरून दोर सिद्राम लोंढ्यांच्या हातात होता. आत वायू साठलेला. त्या वायूला शेवटी शेवटी वाससुद्धा येत नाही म्हणतात, नाकच आधी मरतं. दोर ओढला तर हलका लागला. त्या दिवशी आळीतल्या बायांनी गळा काढला, तेव्हा कुणा म्हातारीच्या तोंडून निघालेली ओवी नऊ वर्षांच्या यशोधराच्या काळजात रुतून बसली:

दोर वढीते वढीते, दोर रिकामा गं आला
धरणीबाई तुझ्या पोटी, माझा धनी कुठं गेला

सिद्राम लोंढे तेव्हापासून तिचे मामा झाले. रक्ताचं नातं नव्हतं, दोराचं होतं.

आता दोन हजार एक्केचाळीस साल. गटारात खेकडे उतरतात. खेकडा म्हणजे वासराएवढं यंत्र, सहा पायांचं, तोंडाला फिरतं पातं. वायू किती साठलाय ते त्याला कळतं, चरबीचा थर कुठं बसलाय तेही. जमिनीखाली बिनतारी लहर पोचत नाही, म्हणून त्याच्या पाठीतून एक लांब केबल वर येते. तिला सगळे नाळ म्हणतात. त्या नाळेतून चित्रं जाऊ शकत नाहीत, ती फार जड. आवाज कसाबसा जातो. अक्षरं मात्र सहज जातात. म्हणून एवढ्या पुढारलेल्या काळातही खेकडा हाकायचा तो जुन्या पद्धतीनं, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एकेक ओळ टाइप करून. टर्मिनल म्हणतात त्या खिडकीला. 'पुढे दोन' असं लिहून एंटर दाबलं की खेकडा दोन हात पुढे. 'पातं चालू' लिहिलं की पातं फिरलं. चूक झाली तर ओळ पुसा, मागचा हुकूम परत आणा, सगळं बोटांच्या खुणांवर. यशोधरा त्यात इतकी तरबेज की मामा म्हणायचे, "आमी बादलीनं उपसायचो, ही पोर पेटी वाजवल्यागत उपसती."

नगरपालिकेनं वेशीवर फलक लावला होता: 'या शहरात कोणीही माणूस गटारात उतरत नाही.' फलकाला दिवाळीत माळा लागायच्या.

फलक खोटा होता. खेकडा अडकला, तर त्याला सोडवायला माणूस लागायचा. कंपनीच्या कागदांत त्याचं नाव 'यंत्र-सहायक'. दर पाळीला एक, आणि तो नेमका आळीतलाच. माणूस उतरताना खेकडा बंद करावा, हे कुणाही शहाण्याला कळेल. पण बंद केला की त्याला आपली जागा पुन्हा शोधायला पाऊण तास लागायचा, आणि पाऊण तास उशिराचा ठपका कक्षावर यायचा. म्हणून खेकडा चालू ठेवायचा आणि माणूस उतरवायचा. असा नियम कुठंही लिहिलेला नव्हता. असाच चालत आला होता, जसं पुष्कळ काही चालत येतं.

*

परवा काय झालं ते यशोधरानं मनात शंभरदा उगाळलं होतं.

सकाळचे अकरा. तिच्या पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी, एक खेकड्याचं काळं टर्मिनल, दुसरी पाळीची नोंदवही. दर दोन मिनिटांनी नोंद लिहायची आणि सेव्ह करायची. उशीर झाला की नोंद लाल होते, लाल नोंदी महिनाअखेरीला वाचून दाखवतात. त्यामुळे कक्षातल्या सगळ्यांच्या डाव्या हाताला एक खोड जडलेली. वाक्य संपलं की कंट्रोल आणि एस, पूर्णविराम दिल्यासारखं. बघावंही लागत नाही.

तिनं तशी नोंद संपवली, सेव्ह केली. मग खेकड्याला 'पुढे दोन' सांगितलं. टर्मिनल गप्प. तिनं पुन्हा लिहिलं. अक्षरंही उमटेनात. तिसऱ्यांदा लिहिलं. चरबीत पाय रुतला असेल, पातं फिरलं तर सुटेल, म्हणून 'पातं चालू' लिहिलं, वर आणखी एकदा 'पुढे दोन'. काळा पडदा तसाच. दगडाला हाका माराव्यात तसं.

तिनं देशमान्यांना फोन केला. "खेकडा अडकलाय वाटतं, सर. उत्तर देत नाही."

"सिद्रामला उतरव. मी त्याला फोन लावतो, तू पण ऐक." आणि तिघांच्या त्या फोनवर देशमाने म्हणाले, "सिद्राम, उतर. आणि जरा पाय उचल, नोंद लाल होतेय."

मामा म्हणाले, "उतरतो की. यशे, खेकड्याला म्हणावं, पावणा येतोय, चावू नगंस."

ती हसली होती. तेच तिला आता सहन होत नव्हतं. ती हसली होती.

पाच मिनिटांनी देशमाने पुन्हा म्हणाले, "तोवर ती अडकलेली खिडकी बंद कर आणि नवी उघड." तिनं बंद करायला कंट्रोल आणि क्यू दाबलं. नोंदवही तशीच बंद होते ना.

टर्मिनल जागं झालं. तिनं मघाशी लिहिलेली अक्षरं झरझर उमटली, एकाखाली एक, जणू कुणी अदृश्य बोटांनी तिचीच नक्कल करतंय. पुढे दोन. पुढे दोन. पुढे दोन. पातं चालू. पुढे दोन. तिच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये आधी पाण्याचा आवाज आला. मग मामांचा आला.

*

शनिवारी तिनं पुण्याला फोन लावला. कंपनीच्या मदत-केंद्रावर झुबेर मणेर नावाचा एक इंजिनियर होता. आवाज तरुण, बोलणं लाघवी. अपघाताचं त्याच्या कानावर आलेलं नसावं. तिनंही सांगितलं नाही. फक्त विचारलं, टर्मिनल असं गप्प कशानं होतं?

"तुम्ही कंट्रोल-एस दाबलं असेल, मॅडम," तो पटकन म्हणाला. "जुनी गंमत आहे ती."

"गंमत?"

"म्हणजे बघा, पूर्वी पडदे नव्हते. दूरच्या यंत्राकडून तारेनं अक्षरं यायची आणि इकडे कागदावर टकाटक छापली जायची. छापणारं यंत्र बिचारं हळू. कागद संपला, फीत गुंतली, की ते पलीकडच्याला खूण करायचं, 'थांब'. सगळं ठीक झालं की दुसरी खूण, 'चल'. थांबची खूण म्हणजे कंट्रोल-एस, चलची म्हणजे कंट्रोल-क्यू. ती यंत्रं भंगारात गेली त्याला पन्नास-साठ वर्षं झाली. पण टर्मिनल त्यांच्याच वंशातलं. खुणा तशाच राहिल्या."

"पण मी तर नोंदवहीत सेव्ह केलं होतं. टर्मिनलमध्ये नाही."

"खेकड्याकडून काही इशारा आला असेल. इशारा आला की टर्मिनल आपोआप पुढे येतं, मग तुमची बोटं त्याच्यावर पडतात. तुम्हाला वाटतं वहीत सेव्ह झालं. तिकडे टर्मिनल थांबलं."

"आणि थांबलेलं असताना जे लिहिलं ते?"

"ते कुठं जात नाही ना! रांगेत उभं राहतं. क्यू दाबलं की रांग सुटते. सगळं एकदम." तो थोडा हसलासुद्धा. "अहो, हे सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"म्हणजे... आम्हाला. जे टर्मिनलवर काम करतात त्यांना."

"मी सहा वर्षं टर्मिनलवर काम करतेय. माझ्या कक्षात बारा जण काम करतात. आमच्या 'सगळ्यां'त आम्ही का नाही हो, साहेब?"

झुबेर आता जपून बोलू लागला. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातून हीच तक्रार आली होती. खेकडा कठड्यावर आदळला होता, नुकसान किरकोळ. एका ओळीत सुटणारी गोष्ट, त्या थांब-चलच्या खुणा बंद करण्याची एक ओळ. पण यंत्र बिघडलेलं नव्हतं, ते आपल्या नियमानं बरोबरच वागलं होतं, म्हणून तक्रार 'दोष' या खात्यात न जाता 'सूचना' या खात्यात गेली. आणि सूचना कोण वाचतं?

"ती ओळ लिहायला किती वेळ लागतो?"

"मिनिटसुद्धा नाही."

"दोन वर्षांत तुम्हाला एक मिनिट मिळालं नाही," यशोधरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "इथं एका माणसाचा पाय गेलाय, मणेरसाहेब. गुडघ्याखाली. सोमवारी समिती बसतेय. तेव्हा फोनजवळ राहाल का?"

"राहतो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर ती घरभर फिरली. राग येत होता तो कुणाकुणावर? पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या यंत्रावर. 'गंमत' म्हणणाऱ्या पोरावर. लाल नोंदीवर. आणि या दोन बोटांवर. कोंबडीनं माती उकरून आपल्याच गळ्यावर फिरणारी विळी शोधून द्यावी, तशी तिची स्वतःची चलाखी तिच्यावर उलटली होती. हळू लिहिणारी असती, दोनदाच लिहिलं असतं.

*

इस्पितळात मामा झोपेच्या औषधात होते. चादर उजवीकडे उंच आणि डावीकडे, गुडघ्याच्या खाली, एकदम सपाट. यशोधरानं तिकडं पाहायचं टाळलं आणि टाळतेय हे मामीला दिसलं.

गौरामामी उशाशी बसून होती. रडून संपलेली बाई नव्हती ती, न रडलेली होती.

"बघ की," ती म्हणाली. "तोंड फिरवून कुटं जाणार हाईस? मी चार दीस बघतीय."

यशोधरानं पाहिलं.

"कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हनला, ह्येंनीच उतरले, कुणी सांगितलं न्हवतं. अगं, हा माणूस मला इचारल्याबिगर तंबाकूची पुडी आणत न्हाई, आन् गटारात स्वतःच्या मर्जीनं उतरंल?" मामीनं तिच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. "तू हुतीस न्हवं तितं? फोनवर?"

"होते."

"मग कुणी सांगितलं?"

"देशमाने सरांनी."

"आन् तू?"

यशोधराच्या ओठांशी शब्द आले आणि तिथंच उभे राहिले. खेकडा चालू आहे, बंद केल्याशिवाय उतरू नका, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मिनिटसुद्धा नाही. झुबेरला तिनं जे सुनावलं ते आता तिच्याच कानात वाजलं.

"सोमवारी समितीपुढे सगळं सांगते, मामी," ती म्हणाली.

"मी येनार हाय," मामी म्हणाली. "मागं बसंन. तू काय बोलतीस ते ऐकंन."

*

समिती नगरपालिकेच्या आवारातल्या सभागृहात बसली. तीन जण. अध्यक्ष रजनी वाघोलीकर, निवृत्त न्यायाधीश, करड्या केसांच्या, चष्मा नाकावर उतरलेला. उजवीकडे नगरपालिकेचे एक अधिकारी. डावीकडे बाहेरगावचे एक प्राध्यापक. मागच्या बाकावर गौरामामी, पदर डोक्यावर, पाठ ताठ.

यशोधरानं आधीच अर्ज करून एक गोष्ट मागून घेतली होती: सभागृहाच्या उघड्या दारासमोर आवारात एक खेकडा आणावा, जोडलेल्या दोन लांब सिमेंटच्या नळांत ठेवावा, आणि कक्षातला संगणक इथं आणून मांडावा. येताना तिनं स्वतः एक मोठा लाल भोपळा आणला होता. तो तिनं नळाच्या तोंडाशी ठेवला.

"समितीला भाजी आणलीत का?" अधिकारी म्हणाले. दोघं-तिघं हसले.

"मला काही समजावून सांगायचं नाही," यशोधरा म्हणाली. "माझ्यावर आरोप आहे की मी निष्काळजीपणे हुकूम दिले. माझं काम सरांनी दहा मिनिटं करून दाखवावं. खेकडा भोपळ्यापासून एक हातावर आणून थांबवायचा. आणि नोंदवही नेहमीसारखी, दर दोन मिनिटांनी. लाल होऊ द्यायची नाही."

देशमाने उठले. "मॅडम, या मुलीला मीच शिकवलंय," ते अध्यक्षांना म्हणाले आणि बाह्या सारून बसले.

पहिली सहा मिनिटं सुरेख गेली. खेकडा सरसर आला. देशमान्यांची बोटं खरंच तयारीची होती. आठव्या मिनिटाला खेकड्याच्या डोळ्याला भोपळा दिसला, त्यानं इशारा दिला, आणि टर्मिनल अलगद पुढे सरकलं. देशमाने तेव्हा नोंदीचं शेवटचं वाक्य लिहून डाव्या हातानं पूर्णविराम देत होते. कंट्रोल, एस.

मग 'पुढे एक'.

काही नाही.

"केबल ढिली झाली असेल," देशमाने म्हणाले. पुन्हा लिहिलं. पुन्हा. प्राध्यापक मान पुढे काढून पाहू लागले. "हे आवारातलं जोडणं धड नाही. कक्षात असं होत नाही." आणखी दोनदा. मानेवर घाम. "एक मिनिट, ही खिडकी बंद करून नवी घेतो."

यशोधराला वाटलं ओरडावं. भोपळाच होता तो, तरी वाटलं. ती ओरडली नाही.

कंट्रोल, क्यू.

नळातून खेकडा असा आला की शिपायानं उडी मारली. पुढे, पुढे, पुढे, पुढे, पुढे. भोपळा त्याच्या पायांखाली फुटला. केशरी गर आणि बिया फरशीवर पसरल्या, आणि खेकडा त्यांच्यावरून चालत पायरीला धडकून थांबला. सभागृहात कुणी हसलं नाही.

"मी असं लिहिलंच नव्हतं," देशमाने म्हणाले. त्यांचे हात अजून कीबोर्डवर होते. "म्हणजे लिहिलं होतं. पण ते... ते गेलं नव्हतं."

"हेच," यशोधरा म्हणाली. "माझंही एवढंच म्हणणं आहे."

मग झुबेरला फोन लागला, स्पीकरवर. त्यानं थांब-चलची सगळी हकीकत सांगितली, दोन वर्षांपूर्वीच्या तक्रारीसकट. तक्रारीचा क्रमांकही त्यानं वाचून दाखवला. त्यात त्याची नोकरी जाऊ शकली असती, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. वाघोलीकरबाईंनी विचारलं, दुरुस्ती आत्ता होईल का? झुबेरनं पुण्यात बसून एक ओळ लिहिली. प्राध्यापकांनी कंट्रोल-एस दाबून पाहिलं. टर्मिनल थांबलं नाही. एवढंच होतं ते. चहा यायच्या आत झालं.

"छान," अधिकारी म्हणाले. त्यांनी कागद गोळा करायला घेतले. "म्हणजे ऑपरेटरचा निष्काळजीपणा नाही, आणि यंत्रही आता सुधारलं. पहिलं वाक्य खोडू. दुसरं राहू दे. लोंढे खाली का गेले, हा काही या समितीच्या कक्षेतला विषय नाही."

वाघोलीकरबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"खेकडे सुधारले, सगळ्यांनाच आनंद आहे," देशमाने म्हणाले. त्यांना पुन्हा कंठ फुटला होता. "यशोधरा, तुझं नाव स्वच्छ झालं. मी म्हटलं होतं ना, खुर्ची तुझीच आहे. आता कशाला ताणतेस? फलक उतरला, खेकडे बंद पडले, तर पुन्हा दोर येईल."

इतके दिवस जी आग पोटात होती ती आता तिच्या तोंडाशी आली.

"दोर गेला होता कधी, सर?" ती म्हणाली. "तुम्ही दोराला 'यंत्र-सहायक' म्हणायला लागलात, एवढंच. यंत्राला राहू द्या. यंत्रानं माझा बाप वाचला असता. पण यंत्र दमलं की त्याच्या तोंडी तुम्ही माणूसच देता, आणि वेशीवर फलक लावून त्याला माळा घालता. पाऊण तास वाचावा म्हणून. एक नोंद लाल होऊ नये म्हणून." ती समितीकडे वळली. "दुसरं वाक्य मी लिहून देते. कोरा कागद द्या."

"बनसोडे," वाघोलीकरबाई म्हणाल्या, "तुम्ही आत्ता निर्दोष आहात. जे लिहाल ते तुमच्यावरही उलटू शकतं. कळतंय ना?"

"कळतंय, मॅडम."

ती उभ्या उभ्याच लिहू लागली. चार ओळी झाल्या. सही केली. कागद पुढे सरकवणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला.

"मला वाचाया येत न्हाई. मोठ्यानं वाच."

गौरामामी उभी होती.

यशोधरानं कागद उचलला. वाचताना तिला समितीकडे बघता आलं असतं, पण ती मामीकडे वळली.

"'सिद्राम लोंढे स्वमर्जीने उतरले नाहीत. प्रमुख देशमाने यांनी त्यांना फोनवरून उतरायला सांगितले. खेकडा चालू ठेवून माणूस उतरवण्याची कक्षाची नेहमीचीच पद्धत आहे आणि ती आम्हा सर्वांना माहीत आहे. त्या फोनवर मी होते. खेकडा चालू आहे हे मला ठाऊक होते. मी त्यांना अडवले नाही.'"

वाघोलीकरबाईंनी हात पुढे केला, पण मामी बाकांच्या मधून चालत पुढे येत होती, आणि कुणालाच तिच्या आधी तो कागद घ्यावासा वाटला नाही. ती यशोधरासमोर येऊन थांबली. जवळून तिच्या डोळ्यांखाली जागलेल्या रात्रींचं काळं दिसत होतं. तिनं कागदावर, नेमक्या खालच्या ओळीवर, आपलं बोट ठेवलं. शेवटी वाचलेली ओळ खालीच असणार, हे तिनं ताडलं असावं.

"ही," ती म्हणाली. "ही पुना वाच."

यशोधरानं ती ओळ पुन्हा वाचली.